एकटीने शहर सोडताना

मुंबईत एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला नातेवाईक, शेजारणी, कामावरच्या मैत्रिणी एकच सल्ला देतात: इथे कशाला जीव काढतेस, गावाकडे जा, निम्म्या पैशांत भागेल. या सल्ल्यामागे माया असते आणि भाड्याचा आकडा असतो. नालासोपाऱ्यात किंवा दिव्यात एका खोलीला जेवढे मोजावे लागतात, त्याहून कमी पैशांत तालुक्याच्या गावी दोन खोल्या मिळतात, हे खरेच आहे. पण भाडे हा या हिशोबातला सर्वांत सोपा आकडा आहे. निर्णय अडतो तो दुसऱ्याच एका आकड्यापाशी, आणि तो आकडा सल्ला देणाऱ्यांच्या बोलण्यात फारसा येत नाही.

हिशोब मांडूनच पाहू. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकीने त्यांच्या जागी आपले घालावेत. समजा, दुकानात काम करणाऱ्या एका बाईला महिना १६,००० रुपये मिळतात. पदरी सात वर्षांचे मूल. भाडे ६,५००, वीज-पाणी १,०००, लोकलचा पास आणि रिक्षा ५००, आणि शाळा सुटल्यावर मुलाला सांभाळणाऱ्या बाईंना २,५००. उरले ५,५००. किराणा, भाजी, वह्या, औषधे, सगळे यात. आता तीच बाई तालुक्याच्या गावी गेली. तिथे तशाच कामाचे १०,००० मिळाले. भाडे २,५००, वीज-पाणी ६००, येणे-जाणे ३००, मुलाला सांभाळायचे १,०००. उरले ५,६००. एवढा प्रपंच हलवून महिन्याला १०० रुपयांचा फरक.

आणि याच गावात मुलाला सांभाळणारे कोणी मिळाले नाही तर? मग पूर्ण वेळ काम जमत नाही. दुपारी घरी यावे लागते, अर्ध्या दिवसाचे काम शोधावे लागते आणि पगार ६,००० वर येतो. भाडे, वीज, प्रवास वजा जाता हातात २,६०० राहतात. भाडे निम्म्याहूनही खाली आले आणि घर मात्र पूर्वीपेक्षा गरीब झाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, शहर सोडायचे की नाही, आणि सोडून कुठे जायचे, हे ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नये. मी कामावर असताना मूल कुणाजवळ असेल, हा पहिला प्रश्न. दोन कमावती माणसे असलेल्या घरात हा प्रश्न कसाबसा सुटतो, कारण एकाची पाळी चुकली तर दुसरा असतो. एकटीच्या घरात तो सुटला तर बाकीचे सगळे हळूहळू सुटते आणि तो अडला तर कुठलीही स्वस्ताई कामाला येत नाही.

अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि अविवाहित मिळून एकल स्त्रियांची संख्या सुमारे ७ कोटी १४ लाख होती. त्यांतल्या सगळ्या आई नाहीत हे खरे. पण संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालात भारतातली सुमारे साडेचार टक्के कुटुंबे एकट्या आया चालवतात असे म्हटले होते, म्हणजे सव्वा कोटीहून अधिक घरे. भावाच्या किंवा सासरच्या घरात एका खोलीत मुलांसह राहणाऱ्या बायका यात धरलेल्या नाहीत.

शहरात या बाईजवळ एक गोष्ट असते जी हिशोबाच्या वहीत दिसत नाही. चाळीत, वस्तीत पाच-सात वर्षे काढल्यावर शेजारच्या मावशी मुलाला शाळेतून आणतात, ताप आला तर कामावर फोन करतात, पाणी भरून ठेवतात. याचे पैसे कुणी मागत नाही. जागा बदलली की हे सगळे एका दिवसात संपते, आणि नव्या ठिकाणी ते पुन्हा उभे राहायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात. शहर सोडण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती निघण्याआधीच जमेस धरायला हवी.

मात्र मुलाच्या वयानुसार हा प्रश्न फार वेगवेगळे रूप घेतो. मूल सहा वर्षांच्या पुढचे असेल तर लहान गावाकडे एक मोठा फायदा आहे, आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मुंबईतल्या अनेक शाळा जागेअभावी दोन पाळ्यांत भरतात. मूल सकाळी जाते आणि दुपारीच परत येते, नाहीतर दुपारी जाते आणि सकाळभर घरी असते. जिल्हा परिषदेची शाळा साधारण दहा-साडेदहाला भरते आणि साडेचार-पाचला सुटते. शनिवारी तेवढी सकाळची असते. आठवीपर्यंत दुपारचे जेवणही शाळेतच मिळते. म्हणजे आईच्या कामाचा जवळजवळ सगळा वेळ मूल शाळेत असते आणि जेवलेले असते. वरच्या हिशोबातले २,५०० चे १,००० झाले ते यामुळेच. सांभाळायला तास-दीड तासच उरतो.

मूल तीन ते सहा वर्षांचे असेल तर अंगणवाडी आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली ही अंगणवाडी गावोगाव पोचली आहे, तिथे गरम खाऊ मिळतो, लसीकरणाची नोंद होते. पण ती काही तासच भरते. ती पाळणाघर नव्हे, आणि तिच्या जोरावर आठ तासांचे काम धरता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तर अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधाच तेवढा मिळतो. केंद्र सरकारने 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आणली आहे. ती आपल्या गावच्या अंगणवाडीत चालू आहे का, हे अंगणवाडीताईंना किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारल्याशिवाय कळत नाही. मूल तीनच्या आतले असेल आणि नव्या गावात आई, मावशी, बहीण असे आपले कुणी नसेल, तर माझ्या मते एक-दोन वर्षे शहरातच काढावीत, खोली आणखी लांबच्या स्टेशनला घ्यावी लागली तरी चालेल.

काम शोधताना कायद्यातली एक तरतूद लक्षात असू द्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला पाहून येण्याची मुभाही मिळाली. ही तरतूद सर्वत्र पाळली जाते असे नाही. पण औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, मोठ्या रुग्णालयात किंवा कपड्यांच्या युनिटमध्ये विचारायला गेलात तर पगाराच्या आधी पाळणाघराचे विचारा. तिथे आधीपासून काम करणाऱ्या बायका गेटवर भेटतात. खरे उत्तर त्यांच्याकडूनच मिळते.

आता गाव कुठले? माझे मत स्पष्ट आहे: एकट्या पालकाने मुंबईहून थेट खेड्यात जाऊ नये, तालुक्याच्या किंवा तशाच मध्यम गावी जावे. खेड्यात शेतमजुरी सोडली तर बाईला रोजचे काम मिळणे अवघड, आणि तेही हंगामी. दवाखाना, न्यायालय, तहसील, मुलाची आठवीनंतरची शाळा, या सगळ्यांसाठी तालुक्यालाच यावे लागते. गाव निवडताना तिथे बायकांना कुठले काम वर्षभर मिळते ते पाहावे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या जोडीने शिलाईची युनिटे आहेत. सोलापुरात टॉवेल-चादरींबरोबर शालेय गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे; विडीचे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करतात, पण त्याची मजुरी तुटपुंजी आणि तंबाखूची धूळ छातीत जाते, म्हणून ते मी सुचवणार नाही. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये कामगार मुख्यतः महिला आहेत. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काजूचे कारखाने आहेत. मिरज-सांगलीत रुग्णालये इतकी आहेत की आया, मदतनीस, स्वयंपाक या कामांना मागणी असते. लातुरात बाहेरगावची हजारो मुले शिकवण्यांसाठी राहतात. त्यांच्या खानावळी, वसतिगृहे, डबे यांवर अनेक बायकांची घरे चालतात. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये चांगली मजुरी मिळते, पण हंगाम संपला की काम संपते. बाकीच्या महिन्यांची सोय असेल तरच त्यावर विसंबावे.

कामाइतकाच पाण्याचा प्रश्न विचारावा. मुंबईतून जाणाऱ्या बाईला हे सुचत नाही, कारण वस्तीत का होईना, तिथे पाणी रोज येते. सोलापूर, लातूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येते तेव्हा ते कामाच्या वेळेत येऊ शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. घरात दुसरे मोठे माणूस नसेल तर पाण्याच्या दिवशी कामावर खाडा होतो. म्हणून खोली बघताना सामायिक टाकी आहे का, बोअर आहे का, शेजारी पाणी भरून ठेवतील का, हे विचारायचे. जिथे टाकी आहे अशा घराला ५०० रुपये जास्त देणे परवडते.

माहेरी जाण्याचा विचार बहुतेक जणींच्या मनात आधी येतो. त्यामागे मुंबईचा इतिहासही आहे. १८५० च्या दशकात इथे कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षे रत्नागिरी, साताऱ्याहून आलेले पुरुष गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले, खानावळीत जेवले आणि पैसे गावी पाठवत राहिले. मुले गावी वाढली, आजी आणि आईच्या हाताखाली. मजुरी शहरात आणि मुलांचा सांभाळ गावात, अशी ती विभागणी होती. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी कुटुंबे गावी परतली. आजही अनेक एकट्या आया तीच जुनी वाट धरतात: मूल आजोळी ठेवतात आणि स्वतः शहरात राबतात. पैशांच्या दृष्टीने हा मार्ग बऱ्याचदा सर्वांत किफायती ठरतो, हे नाकारता येत नाही. पण आधीच एका पालकाला मुकलेल्या मुलापासून दुसराही लांब जातो. हलण्याच्या धांदलीत दोन-तीन महिने मूल आजोळी ठेवायला हरकत नाही. फक्त त्याला परत आणण्याचा महिना आधी ठरलेला असावा आणि तो मुलालाही सांगितलेला असावा.

स्वतः माहेरी जाऊन राहायचे तर हक्काचे बोलणे सुरुवातीलाच झालेले बरे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २००५ साली वडील हयात नव्हते म्हणून हा हक्क बुडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरी रोजच्या जगण्यात भावाच्या घरी राहणारी बहीण अवघडलेलीच असते. मी इतकेच सुचवेन की माहेरच्या गावी जा, पण शक्य असेल तर घर वेगळे करा, अगदी पलीकडच्या गल्लीत. आईचा आधार मिळतो आणि भावजयीशी संबंध टिकतात. विधवा स्त्रीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासरच्या सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत स्वतःचे व मुलांचे नाव वारस म्हणून लावून घ्यावे, मग ती तिथे राहणार असो वा नसो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायला तिथे राहावे लागत नाही. वर्षे गेली की साक्षीदार जातात आणि भावकीची भाषा बदलते.

लहान गावात माणसे विचारतात. घरमालक विचारतो, मालक कुठे असतात? शाळेत विचारतात, किराणा दुकानात विचारतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. बदल होतो आहे, पण गल्लीगल्लीत पोचायला त्याला वेळ लागेल. या प्रश्नांना एक छोटे, खरे आणि नेहमी तेच उत्तर ठरवून ठेवावे, आणि मुलालाही ते सांगून ठेवावे, म्हणजे शाळेत त्याची तारांबळ उडत नाही.

भाडेकरार मात्र तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लहान गावात मालक हे टाळतात. नोंदणीला पालिका क्षेत्रात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये शुल्क आहे. प्रसंगी ते स्वतः भरायची तयारी दाखवावी. कारण तो कागद म्हणजे तुमच्या नव्या पत्त्याचा पुरावा. आधार, गॅस, बँक, शाळा सगळीकडे तो चालतो.

मुलाच्या शाळेबाबत कायदा पालकाच्या बाजूने पुरेसा भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार पहिली ते आठवीच्या मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जुन्या शाळेची फी थकली असेल आणि दाखला अडवला असेल, तर ही तरतूद फार मोलाची ठरते. पण बदलीचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. मुंबईत २५ टक्क्यांच्या कोट्यातून खासगी शाळेत मिळालेली मोफत जागा नव्या गावच्या खासगी शाळेत आपोआप मिळत नाही. अशी जागा असलेल्या आईने शहर सोडताना हे नुकसान हिशोबात धरलेच पाहिजे. दहावीच्या वर्षात मूल असेल तर परीक्षा होऊ द्यावी, मग निघावे.

रेशनचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत कार्ड न हलवता कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते, आणि कार्डावरच्या काहींनी एका गावी व बाकीच्यांनी दुसऱ्या गावी आपापला वाटा उचलला तरी चालते. एकट्या आईची अडचण वेगळी असते: तिचे आणि मुलांचे नाव नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या कार्डात अडकलेले असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे कुटुंबातली अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. म्हणून नाव कमी करून स्वतःच्या नावाचे विभक्त कार्ड मागण्यात संकोचाचे कारण नाही. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. १०,००० पगार म्हणजे वर्षाचे १,२०,०००. ही बाई दोन्हीकडे मर्यादेबाहेर. गरिबी आहे, पण सरकारी व्याख्येत ती बसत नाही. या मर्यादा अनेक वर्षे बदललेल्या नाहीत आणि त्या बदलल्याच पाहिजेत.

योजनांचेही असेच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांना महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. काम करणारी आई सहसा त्यात बसत नाही. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाखांची आहे, त्यामुळे ती बसते. मात्र दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर या योजनेचे पैसे मिळत नाहीत. मुलाच्या नावाने मिळणारी मदत वेगळी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत महिना २,२५० रुपये मिळतात, आणि ही योजना एकट्या वडिलांसाठीही आहे. हे २,२५० रुपये वरच्या हिशोबातले गावचे भाडे जवळजवळ भरून काढतात. प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे मंजूर होते. म्हणून जिल्हा बदलताना जुन्या जिल्ह्यातला मंजुरीचा आदेश हाती घेऊनच निघावे आणि नव्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात पहिल्या महिन्यातच जावे. आजारपणासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण रेशनकार्डावर मिळते. जवळचे अंगीकृत रुग्णालय कुठले, एवढे आधी पाहून ठेवले की झाले.

कागदांतला एक विषय असा आहे जो मागे राहिला तर दहा वर्षांनी छळतो. मुलाचा जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी आपल्याकडे वडिलांच्या बाजूचे पुरावे मागितले जातात: अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीच्या वास्तव्याचे. सासरशी बोलणे आहे तोवर आजोबांचा शाळेचा दाखला, जुना उतारा, काकांचे वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळवून ठेवाव्यात. पुढे अकरावी-बारावीनंतरच्या प्रवेशाला हे लागते आणि तोवर ती दारे बंद झालेली असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आईचे नाव वडिलांच्या आधी लागते, ही चांगली गोष्ट आहे, पण आधी जन्मलेल्यांचा हा पुराव्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

न्यायालयाच्या भीतीने अनेक जणी शहर सोडत नाहीत. केस वांद्र्याच्या कोर्टात, मी गेले तर कसे होणार? तर पोटगीचा अर्ज पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येतो. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये तर तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही दाद मागता येते. हिंदू विवाह कायद्यातही २००३ पासून पत्नीला ती राहत असलेल्या ठिकाणी अर्ज करता येतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र देण्याचे बंधन घातले. मात्र मुलाच्या ताब्याची किंवा भेटीची केस चालू असेल, तर न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय मुलाला दुसऱ्या गावी नेऊ नये. न सांगता नेले तर पुढे तेच आईविरुद्ध वापरले जाते, तिचे कारण कितीही खरे असले तरी. वकिलाचा खर्च ही सबब नसावी: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच ही समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. तारखेला जायला एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे.

पैशांची तजवीज सांगायची तर नवे डिपॉझिट आधी द्यावे लागते आणि जुने खोली सोडल्यावर मिळते, तेही बऱ्याचदा रंगाचे, बिलाचे पैसे कापून. मध्ये टेम्पोचे भाडे, आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना-दीड महिना. माझ्या मते नव्या गावातला तीन महिन्यांचा पूर्ण खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नये. कपाट, पलंग विकून टाकावेत, शिलाई मशीन आणि गॅसची शेगडी न्यावी. कामाच्या ठिकाणी पीएफ कापला जात असेल तर तो काढून या खर्चाला लावू नये. सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) तोच राहतो आणि नव्या नोकरीत तो पुढे चालू होतो. आणि जुन्या मालकाशी भांडून निघू नये.

वेळ साधायची तर तयारी मार्चपासून. एखाद्या दिवसाची रजा घेऊन एकटीने जाऊन गाव पाहावे, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी: शाळा सुटण्याच्या वेळी शाळेबाहेर उभे राहावे, अंगणवाडीत जावे, पाळणाघराबद्दल विचारावे, दोन ठिकाणी कामाचे बोलावे. एप्रिलअखेरीस निकालाबरोबर शाळेचा दाखला घ्यावा. मे महिना मूल आजोळी, आणि आईने तेवढ्यात खोली लावून कामाला सुरुवात करावी. जूनच्या मध्याला राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतात. विदर्भात ऊन उशिरापर्यंत राहते म्हणून तिथल्या शाळा त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी भरतात. तिकडे जाणाऱ्या आईला प्रवेश आणि कागदपत्रांसाठी तेवढे दिवस जास्त मिळतात.